चौथा तुकडा

कोडीं घालणें आणि सोडविणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असा समज सुशिक्षितांच्या घरींही पुष्कळदां आढळतो. परीक्षेंत ज्याला गुण नाहींत आणि बाजारांत ज्याला मोल नाहीं, त्यांत मुलांनीं वेळ कां दवडावा, असें विचारणारे पालक आम्हांस छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत वारंवार भेटले. आमच्या पूर्वजांचें मत मात्र असें नव्हतें. चौसष्ट कलांच्या गणनेंत प्रहेलिकेला, म्हणजे कोड्याला, स्वतंत्र स्थान आहे. दंडीनें आपल्या 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० त 'लीलावती' रचली, तेव्हां रुक्ष गणितास त्यांनीं भुंगे, हंस, मोर व साप यांचीं गोजिरवाणीं रूपें दिलीं, आणि लाडक्या बालिकेस विचारावे तसे प्रश्न विचारले. पुढें आमच्या आज्याही माजघरांत धान्य निवडतां निवडतां मुलांना हुमाणें घालीत. तेव्हां कोडें ही वस्तु आमच्या घरांस परकी नाहीं.

आज आम्ही ज्या कोड्याविषयीं लिहिणार आहों, तें मात्र समुद्रापलीकडून आलेलें आहे. तें वाचकांपुढें ठेवावें, तें सोडविण्याची रीत सांगावी, आणि त्या कोड्यानें आमच्या कुटुंबांत जो एक प्रश्न उभा केला तोही निवेदन करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोडें असें. एका बाईपाशीं सांखळीचे चार तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यांत तीन तीन कड्या असून त्या सर्व मिटलेल्या आहेत. या चार तुकड्यांची मिळून बारा कड्यांची एक अखंड माळ, म्हणजे जिला टोंकच नाहीं अशी, करावयाची आहे. सोनार एक कडी उघडण्याचे दोन रुपये घेतो आणि उघडलेली कडी डाख देऊन मिटविण्याचे तीन रुपये घेतो. इतक्या अल्प मजुरींत आजचा सोनार दुकानाची पायरीही चढूं देणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु कोड्यांतला सोनार नेहमींच स्वस्त असतो. बाईपाशीं रुपये आहेत पंधरा. तर तेवढ्यांत काम कसें व्हावें?

ज्या वाचकांस हें कोडें ठाऊक नसेल, त्यांनीं येथें क्षणभर थांबावें, कागद-पेन्सिल घ्यावी आणि मग पुढें वाचावें. उत्तर आयतें मिळालें म्हणजे तें आपलें होत नाहीं.

आमचें कुटुंब आतां एका छपराखालीं राहिलेलें नाहीं. वडील बंधु, ज्यांना घरांत सर्वच दादा म्हणतात, पुण्यास असतात. धाकटे बंधु नाशकास. आणि आम्ही साताऱ्यास. तथापि गणपति वाईच्या जुन्या घरींच बसतो आणि त्या पांच दिवसांत तिन्ही बिऱ्हाडें तेथें एकत्र येतात. २०२३ सालच्या भाद्रपदांत अशीच मंडळी जमली होती. मखराच्या आराशीसाठीं मुलें घोटीव कागदाच्या पट्ट्या कापून, खळीनें चिकटवून, त्यांच्या सांखळ्या करीत होतीं. त्या रंगीत कड्या पाहून आम्हांस हें कोडें आठवलें. आम्ही तीन तीन कड्यांचे चार तुकडे वेगळे काढले व कोडें सर्वांनाच घातलें. उत्तर हातांतल्या फोनवर शोधूं नये, एवढी एकच अट ठेवली.

दादा जन्मभर हिशेब तपासणींत मुरलेले. त्यांनीं बोटेंही न मोडतां उत्तर दिलें. "चार तुकडे म्हणजे चार सांधे. एका सांध्याला पांच रुपये. वीस झाले. बाईला म्हणावें, आणखी पांच रुपये घेऊन ये."

"दादा, पंधरांत होतें."

"होत नाहीं. माझा हिशेब चुकलेला नाहीं. तुझें कोडेंच चुकलेलें आहे."

आमचा पुतण्या अभियंता आहे. त्यानें 'अखंड' या शब्दाची फोड आरंभिली. एका जागीं आंकडा लावला तर चालेल काय, एकच कडी दोन सांध्यांत गुंतवितां येईल काय, असे त्याचे प्रश्न. त्याची नऊ वर्षांची कन्या म्हणाली, "सोनाराला सांगायचें, उरलेले पांच रुपये दिवाळीला देतें." व्यवहारदृष्ट्या हेंच उत्तर सर्वांत पक्कें होतें, परंतु कोड्यांतला सोनार उधारी ठेवीत नाहीं.

येथें शिक्षकाच्या दृष्टीनें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दादांचें गणित खरोखरच बिनचूक होतें. चार तुकड्यांचें टोंक टोंकास जोडावयाचें तर चार सांधे लागणारच, आणि चार पंचे वीस हेंही त्रिकालाबाधित सत्य. मग अडतें कोठें? अडतें तें गणिताच्या आधीं. 'तुकडा' हा शब्द कानीं पडतांच आपलें मन तो तसाच राखण्याची जणूं शपथ घेतें. कोडें घालणारानें तशी अट घातलेली नसते. ती आपणच आपल्यावर घालून घेतों. त्यांतून चारी तुकडे अगदीं एकसारखे. जे सारखे दिसतात त्यांना सारखेंच वागवावें, ही न्यायबुद्धि मनांत इतकी खोल रुजलेली असते कीं त्यांतल्या एकाला निराळा न्याय लावावा हें सुचतच नाहीं. शाळेंत आम्ही असें पुष्कळदां पाहिलें आहे. हुषार मुलगा अडतो तो बहुधा आंकडेमोडींत अडत नाहीं. न दिलेली अट पाळण्यांत अडतो.

अशा वेळीं उत्तर सांगून टाकण्याचा मोह शिक्षकानें आवरावा. आम्ही त्या रात्रीं सर्वांना निजावयास सांगितलें. यास केवळ मास्तरी हट्ट समजूं नये. याच कोड्यावर एक शास्त्रीय प्रयोग झालेला आहे. अमेरिकेंतील ओरेगॉन विद्यापीठांत जॅनेट सिल्व्हेरा या विदुषीनें १९७१ सालीं आपल्या प्रबंधासाठीं हेंच चार तुकड्यांचें कोडें निवडलें होतें. फक्त तेथें रुपयांच्या जागीं सेंट होते. ज्यांना सलग अर्धा तास दिला, त्यांच्यापैकीं शेंकडा ५५ जणांना कोडें सुटलें. ज्यांना मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति देऊन दुसऱ्या कामांत गुंतविलें, त्यांच्यापैकीं शेंकडा ६४ जणांना सुटलें. आणि ज्यांना चार तासांची विश्रांति मिळाली, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ८५ वर गेलें. विचार करण्याचा एकूण वेळ सर्वांचा सारखाच होता. गंमत ही कीं विश्रांतीनंतर कोणीही तयार उत्तर घेऊन परत आलें नव्हतें. प्रत्येकानें पुन्हां पहिल्यापासूनच डोकें चालविलें. म्हणजे मधल्या वेळांत उत्तर सांपडतें असें नाहीं, तर चुकीच्या वाटेची संवय तेवढी सुटते, असें यावरून मानण्यास जागा आहे. पुढच्या सर्वच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसला असें नाहीं. तरीही रात्रीं अडलेलें उदाहरण सकाळीं सुटतें, हा प्रत्येक विद्यार्थ्याचा अनुभव या आंकड्यांशीं जुळतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलें पुन्हां त्या कागदी तुकड्यांशीं झटूं लागलीं. दादा वर्तमानपत्राआडून लक्ष ठेवून होते. आमची वडील भगिनी, आक्का, देवघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसली होती. आदल्या रात्रीच्या वादांत तिनें एक अक्षरही उच्चारलें नव्हतें. मुलांची धडपड थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "अरे, एक तुकडा सगळाच सोडवा कीं. त्याच्या तीन कड्या तीन जागीं लावा. बाकीच्या तिघांना धक्कासुद्धां लागायला नको." आणि ती पुन्हां वाती वळूं लागली.

उत्तर हेंच. चारपैकीं एका तुकड्याच्या तिन्ही कड्या उघडाव्या. त्या सुट्या झालेल्या तीन कड्यांनीं उरलेले तीन तुकडे जोडावे. तीन तुकड्यांच्या बंद माळेंत सांधे तीनच. तीन कड्या उघडण्याचे सहा, मिटविण्याचे नऊ, एकूण पंधरा.

मुलांनीं आरडाओरडा केला. पण पुतण्याचें समाधान झालें नाहीं, आणि तें योग्यच होतें. "हें उत्तर झालें, काका. पण याहूनही कमी होणार नाहीं कशावरून?" तेव्हां आम्ही त्याला भास्कराचार्यांच्या विलोमविधीची आठवण करून दिली. फळ हातांत आहे असें मानून मागें चालत जाणें, ही ती रीत. तयार झालेली बंद माळ डोळ्यांपुढें आणा. तिच्यांतल्या दोन कड्या उघडून बाजूस काढल्या, तर माळेचे जास्तींत जास्त दोनच तुकडे होतील. म्हणजे उलट अर्थानें, दोन उघड्या कड्या दोनच तुकड्यांना एका माळेंत बसवूं शकतात. आतां मूळ तुकड्यांकडे पाहा. प्रत्येक तुकडा तीन कड्यांचा. म्हणून दोनच कड्या उघडल्यास त्यांतला एकही तुकडा पुरता नाहींसा होणार नाहीं. चाराचे निदान चार राहतीलच. दोन कड्या चारांना पुरत नाहींत. तीन उघडल्या, आणि त्या तिन्ही एकाच तुकड्याच्या असल्या, तरच तुकडे तीनावर येतात आणि उघड्या कड्याही तीन होतात. जमाखर्च बरोबर मिळतो. म्हणून पंधरा रुपयांहून कमी नाहीं आणि दुसरी वाटही नाहीं.

हें एकदां उमगलें म्हणजे या जातीचीं सर्व कोडीं हातांत येतात. अमेरिकेंतील प्रसिद्ध कोडेकार सॅम लॉईड (१८४१–१९११) यांच्या कोड्यांत एक शेतकरी आहे. त्याच्यापाशीं पांच पांच कड्यांचे सहा तुकडे असून त्यांची त्याला तीस कड्यांची अखंड सांखळी करावयाची आहे. कडी तोडण्यास आठ सेंट, सांधण्यास अठरा सेंट; आणि नवी सांखळी दीड डॉलरला मिळते. सरळ हिशेबानें सहा कड्यांचे एक डॉलर छपन्न सेंट होतात, म्हणजे नवी घेणेंच स्वस्त. पण एक तुकडा पुरता सोडविला तर पांच कड्यांचे एक डॉलर तीस सेंटच पडतात आणि वीस सेंट वांचतात.

इंग्लंडांतील हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी (१८५७–१९३०) यांनीं यावर आणखी एक मजला चढविला. १९१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'अम्यूझमेंट्स इन मॅथेमॅटिक्स' या पुस्तकांत, मूळ कल्पना कै. लॉईड यांची असल्याचें मोकळेपणानें नमूद करून, त्यांनीं लहानमोठ्या नऊ तुकड्यांच्या पन्नास कड्या वाचकांपुढें ठेवल्या. उघडण्यास एक पेनी, मिटविण्यास दोन, आणि नवी सांखळी दोन शिलिंग दोन पेन्सांस, म्हणजे सव्वीस पेन्सांस. नऊ सांधे केले तर सत्तावीस पेन्स, म्हणजे नव्या सांखळीहून महाग. आठ कड्यांचा एक तुकडा सोडवून उरलेले आठ जोडले तर चोवीस पेन्स. येथें बहुतेक लोक आनंदानें थांबतात. परंतु त्यांत एक तुकडा तीन कड्यांचा व एक चारांचा आहे. ते दोन्ही सोडविले कीं सात कड्या हातीं येतात आणि तुकडेही सातच उरतात; खर्च अवघा एकवीस पेन्स. धडा असा कीं लहान तुकडे आधीं मोडावे. कारण लहान तुकडा मोडल्यानें कड्या थोड्या उघडतात, पण जोडावयाच्या तुकड्यांतला एक मात्र पुरता कमी होतो.

हें सर्व आम्ही मंडळींस समजावून सांगत होतों आणि मंडळीही रंगून गेली होती. इतक्यांत आमच्या धाकट्या सूनबाई, ज्या बँकेंत नोकरीस आहेत, मोदकाचें सारण ढवळतां ढवळतां स्वयंपाकघराच्या दारांत येऊन म्हणाल्या, "मामंजी, हिशेब पटला. पण यांत उघडायचे दोन धरलेत, मिटवायचे तीन धरलेत. जो तुकडा मोडला त्याचे किती धरलेत?"

"कोड्यांत त्याचे कांहीं धरलेले नाहींत," आम्ही म्हणालों.

"मग तो रकाना रिकामा आहे," त्या म्हणाल्या व आंत गेल्या.

प्रश्न हिशेबाचा होता आणि आवाजही हिशेबाचाच होता. परंतु ओटीवर जी शांतता पसरली तिचें कारण वाचकांस कळण्यासाठीं थोडा मागचा वृत्तान्त सांगणें प्राप्त आहे.

आक्का आमच्याहून सहा वर्षांनीं वडील. सत्ताविसाव्या वर्षीं वैधव्य येऊन ती माहेरीं परतली. अपत्य नव्हतें. तेव्हांपासून आमच्या घरांत जेथें जेथें सांधा निखळला तेथें तेथें ती लागली. दादांच्या घरचीं दोन बाळंतपणें तिनें केलीं. आमच्या घरीं विषमज्वराचा मुक्काम पडला तेव्हां दोन महिने ती साताऱ्यास होती. नाशिकच्या मुलांच्या शालान्त परीक्षांच्या वर्षीं ती नाशकास. वडिलांना अर्धांगवायु झाला तेव्हां ती वाईस आली, आणि त्यांच्या पश्चात् मातोश्रींचें शेवटचें अकरा वर्षांचें दुखणें तिनें एकटीनें काढलें. एवढ्या सगळ्या काळांत तिची म्हणून एक ट्रंक होती. ती ज्या घरीं असे त्या घराच्या माळ्यावर ती ट्रंक असे. आम्ही तिघे बंधु आज एकमेकांशीं मायेनें वागतों, आमच्या मुलांत आपपर नाहीं, याचें श्रेय लोक आमच्या वडिलांच्या पुण्याईस देतात. माळ पाहणारास कड्या दिसतात. त्यांतली कोणती कोठून आली हें त्यास दिसत नाहीं.

मातोश्री २०२१ सालीं निवर्तल्या. त्यानंतर वाईच्या घराचें व आक्काचें पुढें काय, हा प्रश्न होताच. २०२३ च्या श्रावणांत दादांचें पत्र आलें. घर बंद करावें, गणपतीपुरतें उघडावें, आणि आक्कानें तिघांकडे चार चार महिने राहावें, अशी त्यांची सूचना होती. पत्रांत कठोर असें एकही वाक्य नव्हतें. औषधपाणी, येण्याजाण्याचें भाडें, सर्व तिघांत सारखें वांटून दिलें होतें. खर्च कमी, भार समान, कोणास बोल लावण्यास जागा नाहीं. आमचा अभिप्राय त्या गणपतींत द्यावयाचा होता. आतां मौज पाहावी कीं कोड्यांत वीस रुपयांचें उत्तर देणारे आमचे दादा, घरच्या हिशेबांत मात्र पंधरा रुपयांचें उत्तर आधींच काढून बसले होते. तुकडे चार: तिघे बंधु आणि आक्का. त्यांतला एक सगळाच सोडवावयाचा, त्याच्या तीन कड्या तीन जागीं लावावयाच्या, आणि बाकीच्या तिघांना धक्काही नाहीं.

दुपारीं पानें उचलल्यावर आम्ही दादांना म्हणालों, "दादा, तुमच्या पत्राचें उत्तर देण्याआधीं आक्काला विचारूं या."

"विचार ना," दादा म्हणाले. "तिला काय हवें तें तिनेंच सांगावें. मी कुठें नको म्हणतों?"

आक्का बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. तिला असें कोणी विचारलें नव्हतें, म्हणून तिच्यापाशीं तयार उत्तर नसावें. शेवटीं ती म्हणाली, "मला एक कुलूप हवें. माझ्या हातानें लावीन आणि माझ्या हातानें उघडीन, असें." मग थोडें थांबून म्हणाली, "तुमच्याकडे येणार नाहीं असें नाहीं. अडलं-नडलं तर येईनच. पण काम झाल्यावर परत कुठें जायचें, तें ठरलेलें असावें."

दादांनीं चष्मा लावला व तेथल्या तेथें आंकडे मांडले. परसाकडच्या दोन खोल्या राहत्या करावयाच्या तर छपराचीं कौलें बदलावीं लागतील. सोबतीला व वरकामाला एक बाई ठेवावी लागेल. विजेचें बिल निराळें. चार महिन्यांच्या पाळीपेक्षां हें महाग पडतें, असें त्यांनीं सांगितलें, आणि त्यांचा हिशेब याही वेळीं बिनचूक होता.

तेव्हां आम्ही त्याच कोड्याचा आधार घेतला. कोड्यांत मोडलेल्या तुकड्याची किंमत शून्य धरलेली आहे. लोखंडाच्या बाबतींत तें ठीकच आहे. पण समजा, तो तुकडा अखंड राहण्याला कांहीं मोल आहे. तें मोल पांच रुपयांहून एक पैसा जरी अधिक धरलें, तरी तुकडा मोडण्याचा खर्च पंधरा अधिक पांच अधिक एक पैसा, म्हणजे विसांच्या वर जातो. मग स्वस्त वाट कोणती? चारी तुकड्यांनीं आपली एकेक कडी उघडावयाची आणि शेजाऱ्यास जोडून घ्यावयाची. चार सांधे, वीस रुपये. कोणाचा कांहीं भाग मोकळा होतो, पण पुरता कोणीच मोडत नाहीं. म्हणजे रिकामा रकाना भरतांच तेंच गणित निराळें उत्तर देतें.

"दादा, काल तुम्ही वीसच सांगितले होते," आम्ही म्हणालों.

दादा कागदाकडे पाहत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे काल मीच बरोबर होतों, असें लिहून दे."

तें आम्ही या लेखांत लिहून देत आहों.

त्याप्रमाणें व्यवस्था झाली. छपराचा खर्च तिघांनीं वांटून घेतला. परसाकडच्या दोन खोल्या आक्काच्या झाल्या. ट्रंक माळ्यावरून उतरून पलंगाखालीं आली. शिवाय प्रत्येक बिऱ्हाडानें वर्षांतला एक महिना वाईस येऊन राहावें असें ठरलें. हीच प्रत्येकाची एक उघडलेली कडी. सर्व सुरळीत चालतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. नाशिकच्या मंडळींना मुलांच्या परीक्षांमुळें पहिल्या वर्षीं महिन्याऐवजीं अठराच दिवस येतां आलें. सोबतीची बाई दोनदां बदलली. आक्काही कधीं कधीं एकटेपणाची तक्रार करते. पण ती तक्रार स्वतःच्या खोलींत बसून करते, एवढा फरक झाला आहे.

आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या लोकांना या कोड्याचें उत्तर खरें तर लवकर सुचावयास हवें, असें आम्हांस पुढें वाटूं लागलें. कारण आमचीं घरें पिढ्यान् पिढ्या याच रीतीनें जोडलीं गेलीं. घरांतला सर्वांत लहान तुकडा, ज्याला स्वतःचा संसार नाहीं, मिळकत नाहीं, आवाज नाहीं, तो आधीं सोडवावा, हें ड्यूडनीसाहेबांनीं छापण्याच्या पुष्कळ आधीं आमच्या माजघरांना पाठ होतें. कोठें ती बालविधवा आत्या होती, कोठें अविवाहित काका, कोठें शिक्षण सोडून भावंडांच्या पाठीशीं उभी राहिलेली थोरली मुलगी. त्यांनीं तें आनंदानें केलें असेल; कित्येकांनीं खरोखरच आनंदानें केलें. परंतु आनंदानें दिलेली वस्तूही जमेच्या रकान्यांत लिहावयाची असते. ती न लिहितां काढलेली शिल्लक ही शिल्लक नव्हे.

म्हणून आमची वाचकांस विनंति एवढीच. हें कोडें आपल्या घरच्या मुलांना अवश्य घालावें. उत्तर सांगण्याची घाई करूं नये. निदान एक रात्र मध्यें जाऊं द्यावी. पंधरा रुपयांचें उत्तर निघालें कीं मुलांची पाठ थोपटावी, आणि दोन कड्यांत कां होत नाहीं तें विलोम रीतीनें त्यांच्याकडूनच वदवून घ्यावें. मग, मुलें जरा मोठीं असतील तर, सूनबाईंचा प्रश्नही त्यांना विचारावा. कोडें सोडविण्याची बुद्धि पहिल्या उत्तरानें वाढते. त्या प्रश्नानें काय वाढतें, त्याचें नांव आमच्या हिशेबाच्या वहींत अजून पडलेलें नाहीं.

दादांचा वाईच्या खर्चाचा वांटा आतां प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आंत येतो. सोबत त्यांच्या वळणदार अक्षरांत चिठ्ठी असते. तिच्यांत कौलांचा, विजेचा, बाईच्या पगाराचा हिशेब असतो, आणि सर्वांत शेवटीं, प्रत्येक वेळीं न चुकतां, एक ओळ असते: 'कडी उघडण्याचे दोन, मिटविण्याचे तीन, एकूण पांच, हे माझ्याकडून. आक्काची सही घेऊन पावती पाठवावी.'